एकदाच दाबायची चकती

मी एक जुनी चकती आहे. पातळ पत्र्याचे तीन थर, मधे मोठं भोक, कडेला बोल्टांची तीन बारकी भोकं. गॅरेजमधले लोक मला गॅस्केट म्हणतात. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसणार. इंजिनातला धूर जिथे सायलेन्सरच्या नळीत शिरतो, त्या सांध्यात मी राहायचे. दोन लोखंडांच्या मधे दबून राहायचं आणि धुराला फट सापडू द्यायची नाही, एवढंच माझं काम.

आम्हा चकत्यांना एकच दाब सोसतो. पहिल्यांदा बोल्ट आवळले की आमच्या उंच कडा चेपतात आणि त्या सांध्याचा आकार घेतात. एकदा चेपल्या की चेपल्या. पुन्हा उभारी नाही.

नऊ वर्षं मी एकाच सांध्यात काढली. खाली चिखल, वर आग, मधे मी. कुणी कधी शाबासकी दिली नाही. नीट असलेल्या सांध्याकडे बघतं कोण?

मग गाडी एका तरुणाकडे आली. त्याच्या ओठांवर सदा शीळ, म्हणून गल्लीत त्याचं नाव शिट्टी. त्याला गाडीचा आवाज सर्दी झाल्यासारखा वाटे. त्याने रुंद चकचकीत नळी आणि मोठ्या तोंडाचा सायलेन्सर आणला आणि एका रविवारी स्वतःच गाडीखाली शिरला. जुनी नळी सुटली, तशी मी चिंध्यांच्या बादलीत पडले. माझ्या जागी बसायला खोक्यातून नवी चकती आली होती. शिट्टी पाना घ्यायला उठला आणि त्याची टाच नेमकी तिच्यावर पडली. ती बिचारी सुकल्या पानासारखी दुमडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ट्यूनिंगला न्यायची होती. दुकानं बंद. शिट्टीने दुमडलेल्या चकतीकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. मला उचललं, रॉकेलने घासलं आणि म्हणाला, “चल म्हातारे, अजून एक फेरी.”

माझ्या कडा चेपलेल्या होत्या. एका बाजूला केसाएवढी चीरही होती, ती मला ठाऊक होती. पण मित्रांनो, टाकून दिलेल्या वस्तूला कुणी पुन्हा हातात घेतलं की तिचं शहाणपण कुठल्या कुठे जातं. मी हरखले. पुन्हा बोल्ट आवळले गेले आणि मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून टोचतं.

नवी नळी बसवली की इंजिनाचा श्वास बदलतो. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे नव्याने जुळवावं लागतं. त्यासाठी डायनो नावाचं यंत्र असतं. गाडी पट्ट्यांनी जखडतात, चाकं रोलरवर पळतात, गाडी मात्र जागच्या जागी. समोर मोठा पंखा घोंघावतो आणि पडद्यावर ताकदीची रेघ चढत जाते.

गाडी नेली त्या गॅरेजात या यंत्रावर कानवाली बसायची. इंजिनाचं दुखणं ती नुसत्या कानाने ओळखायची. पाच वर्षं तिने खाली बसून तेलकट पार्ट धुतले होते. गॅरेजच्या मालकांनी, काकांनी, महिन्यापूर्वीच तिला यंत्राची खुर्ची दिली होती. काम करताना ती गुणगुणायची:

फिर रोलरा फिर, नको करू घाई,
खोट्या बोलाला इथं थारा नाही.

गाडी सुरू झाली आणि गुणगुणणं थांबलं. ती सांध्याजवळ वाकली.

“फुसफुस येतेय बारीक. चकती नवी टाकलीस ना?”

“सगळं नवं आहे ताई. खोक्यातलं.”

“नक्की?”

“तुमच्याशी खोटं बोलून जाणार कुठे? गाडी तर तुम्ही बांधून ठेवलीय.”

ती हसली आणि खुर्चीवर जाऊन बसली.

पुढे काय झालं ते मीच सांगायला हवं. इंजिन हळू चाललं की धुराच्या दोन लोटांमध्ये माझ्या चिरेतून बाहेरची हवा आत शिरायची. नळीतला सेन्सर ती हुंगून सांगायचा, “हवा जास्त, पेट्रोल कमी.” तो प्रामाणिक. खोटी मी. त्याचं ऐकून कानवालीने पेट्रोल वाढवलं. इंजिनाला गरज नसताना ते ठसका लागेपर्यंत पाजलं गेलं.

तीन आठवड्यांत सायलेन्सरच्या तोंडाला काजळी धरली. चौकात गाडी अडखळू लागली, आचके देऊन बंद पडू लागली. शिट्टी गॅरेजात येऊन दहा गिऱ्हाइकांसमोर बोलला, “ट्यूनिंगच बिघडवलंय.” काकांनी यंत्राची खुर्ची भिंतीला उलटी लावली आणि पार्ट धुवायचं घमेलं कानवालीपुढे सरकवलं.

गाडी चार दिवस तिथेच उभी होती. तिच्या पोटाखालून मला कानवालीचे हात दिसत. कोपरापर्यंत काळे. तिचं गाणं बंद. सांध्यात राहून मी नऊ वर्षं आग सोसली होती, पण ते हात बघवेनात. एक शब्द बोलता आला असता तर मी बोलले असते, असं स्वतःला सांगते. खरं असेल का?

पाचव्या दिवशी शिट्टी आला. दारात शीळ होती, घमेल्याजवळ येईतो ती विरली. कानवालीने नुसतंच विचारलं, “चहा घेणार?”

तो उकिडवा बसला. “ताई, ती चकती जुनी आहे. नवी माझ्या पायाखाली आली होती.”

कानवालीने हात पुसले. “मी ऐकलं होतं रे. माझ्या कानाने सांगितलं आणि मी तुझ्या शब्दावर गेले.”

काका मागे उभे होते. त्यांनी खुर्ची सुलटी केली, घमेलं स्वतःकडे ओढलं आणि बाह्या सरसावल्या.

“अहो काका, तुम्ही कशाला?” शिट्टी म्हणाला.

“बस गप. न तपासता मीही निवाडा केलाच की.”

नवी चकती बसली, ट्यूनिंग पुन्हा झालं, रेघ सरळ चढली. मला कुणी बादलीत टाकलं नाही. कानवालीने यंत्राशेजारी खिळा ठोकून मला टांगलं. शिट्टी आजही येतो, पण त्या भिंतीकडे बघत नाही. मीही त्याच्याकडे बघत नाही. आम्ही दोघं एकमेकांना ओळखतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया करा, पण तिला झेपणार नाही ते ओझं पुन्हा तिच्यावर घालू नका. तिचे आभार माना आणि तिला उतरू द्या. आणि सांध्यात काही लपवलं असेल, तर दुसऱ्या कुणाचे हात काळे होण्याआधी सांगून टाका.

आता गाडी आली की कानवाली मला खिळ्यावरून काढते, गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवते आणि विचारते, “चकती नवी टाकलीय ना?”

लोक माझी चीर बोटाने चाचपतात आणि उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबतात. तेवढा क्षण आता मी धरून ठेवते.