टॉवर हटला त्याची गोष्ट

मोबाइल टॉवरच्या लहरी लोकांच्या अंगावर किती पडतात, हे मोजणं माझा पोटापाण्याचा धंदा. शहरभर माझ्या शब्दाला मान आहे. घरी आई आहे.

धाकट्या बहिणीने फोनवर ठणकावलं, "समोर तो टॉवर असेपर्यंत मी बाळाला घेऊन येणार नाही." आईने नातीला अजून मांडीवरही घेतलं नव्हतं. तिने फोन ठेवला आणि मला कामाला जुंपलं.

मी तिपाईवर यंत्र चढवून खिडकीत, गच्चीत, पाळण्याच्या जागी मोजलं. प्रत्येक ठिकाणी सहा मिनिटं. तेवढा वेळ आईला लांब उभं करणं हेच खरं कष्टाचं काम.

"चढलं का रे?"

"सुरक्षित मर्यादेच्या हजाराव्या भागाइतकंही नाही."

"म्हणजे आहे ना?"

"आहे, पण टॉवर लांब गेला की फोनलाच जास्त जोर लावावा लागतो. मग कानाशी उलट वाढतं."

"तू कंपनीचा की माझा?"

यावर कुठलं यंत्र चालतं? आईने समोरच्या घरमालकाला सळो की पळो करून सोडलं आणि टॉवर उतरवायला लावला. त्याच झपाट्यात घरातलं वायफायही काढून टाकलं.

बहीण महिनाभर राहायचं ठरवून आली. आईचे पाय जमिनीवर नव्हते. नात मांडीवरून उतरली की तिला करमत नसे. बहीण मात्र तापलेला फोन घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत. ऑफिसचा फोन लागेना, बाळाच्या डॉक्टरांचा लागेना. "इथे रेंजच नाही गं आई, मी कसं काम करू?" म्हणत आठवड्याच्या आतच तिने बॅग भरली.

ती तिच्या घरी पोचली त्या संध्याकाळी 'मी सांगितलं होतं' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आई गच्चीत दिसली, हात उंच धरून. फोनवर नातीचा चेहरा अर्ध्यावरच अडकला होता.

"तुझं ते यंत्र आण," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि सगळ्यात जास्त कुठे आहे ते शोधून दे."

पाण्याच्या टाकीमागे आकडा जरा चढला. मी खुणेने दाखवताच आईने तिथे खुर्ची टाकली.