फुमियाची सताप

बेपो वारला त्याला दोन वर्षं झाली होती, तरी गावात सतापीच्या राकियाला सगळे ‘बेपोची राकिया’च म्हणत. द्राक्षांच्या चोथ्यापासून तो ती तांब्याच्या भट्टीत गाळायचा आणि प्रत्येक बाटलीत सतापीची एक डहाळी सोडायचा. आमच्या इस्त्रिया प्रांतात हे घरोघरी चालतं, पण त्याच्या राकियाची चव निराळी होती.

ती डहाळी यायची त्याच्या बायकोच्या, फुमियाच्या वाफ्यातून. माहेरून आणलेलं एक कलम तिनं तीस वर्षं जगवलं होतं. सतापीचा चीक लागलेल्या अंगावर ऊन पडलं की फोड येतात, म्हणून ती लांब बाह्या घालून, उजाडायच्या आत खुडायची. तरी तिच्या मनगटांवर तपकिरी डाग होतेच. वाफ्यात बडीशेप आणि कडू दवणाही असे, पण तिचा जीव सतापीत.

बेपोनंतर भट्टी आली त्याच्या धाकट्या भावाकडे, झ्वानेकडे. माणूस वाईट नव्हता, बोलायला मात्र सैल. एका संध्याकाळी गुत्त्यात तो म्हणाला, डहाळी काय, शोभेला असते. चव येते ती तांब्याची आणि आगीची. दुसऱ्या दिवशी हे फुमियाच्या कानावर गेलं. मे महिन्यात तो नेहमीप्रमाणे डहाळ्या न्यायला आला, तेव्हा ती फाटकातच उभी राहिली.

“शोभेलाच हवी ना भावजी? मग बाजारात मिळेल की.”

“वहिनी, गुत्त्यातलं बोलणं कुणी मनावर घेतं का?”

“मी घेतलं,” ती म्हणाली आणि फाटक लावून घेतलं.

झ्वाने हट्टाला पेटला. जूनमध्ये त्यानं बाजारातून फुलावर आलेल्या सतापीची जुडी आणली आणि बाटल्यांत भरपूर घातली.

फुमिया आमच्याकडे आली. पाच लिटर साधी राकिया मागितली. आमची राकिया स्वच्छ असते, पण तिचं कुणी कधी नाव काढलेलं नाही. माझ्या सासूबाईंनी विचारलं, तुला जमेल का गं? ती म्हणाली, इतकी वर्षं दुसरं काय करत होते? कळ्या धरायच्या आधीची कोवळी डहाळी तिनं एक दिवस सावलीत सुकवली, बाटलीत सोडली, अकराव्या दिवशी काढून घेतली आणि मग चमचाभर मध घातला. रोज एक थेंब जिभेवर घेऊन बघायची. दोन बाटल्या तिनं नाल्यात ओतून दिल्या. का ते आम्हाला कळलं नाही. आम्हाला चांगल्याच लागल्या असत्या.

ऑगस्टमध्ये चर्चच्या सणाला चौकात राकियाची परीक्षा असते. बाटल्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. परीक्षकांचं झालं की त्या सगळ्यांसाठी खुल्या करतात. झ्वानेची बाटली गढूळ दिसत होती. लोक घोट घेऊन औषध प्यायल्यासारखी तोंडं करत होते. तो स्वतः एकेक चाखत नऊ नंबरपाशी आला. एक घोट घेतला, मग दुसरा. ग्लास हातातच राहिला.

“ही दादाची आहे,” तो म्हणाला. “जुनी बाटली कुणी आणली?”

तेवढ्यात नावं वाचायला सुरुवात झाली. पहिला नंबर पलीकडच्या टेकडीवरच्या गावाला गेला. दुसरा नऊ नंबरला, फुमियाला. आमच्या गावातल्या बाईचं नाव त्या चौकात पहिल्यांदाच वाचलं गेलं. सासूबाईंनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की पाद्रीबुवा वळून बघायला लागले.

झ्वाने तिच्यासमोर गेला.

“वहिनी, दादाची म्हणून जी आम्ही पीत होतो, ती तुझी होती तर.”

“गाळायचा तो, आणि छान गाळायचा,” फुमिया म्हणाली. “बाटलीत काय घालायचं आणि किती दिवस ठेवायचं, ते मी ठरवायचे. त्यानं कधी नाकारलं नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

झ्वानेनं टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “पुढच्या वर्षी भट्टी माझी, ठरवायचं तू. बाटलीच्या चिठ्ठीवर नाव तुझं आधी.”

तिनं लगेच होकार दिला नाही. आधी सतापीसाठी नवा वाफा स्वतः खणा, म्हणाली. सप्टेंबरात त्यानं खणला. तिनं बांधावर ताठ उभं राहून, खोली कमी पडली म्हणून दोनदा पुन्हा खणायला लावलं आणि मगच हो म्हटलं. आज गावातल्या चौदा घरांत तिच्या कलमाची सताप आहे. आमच्याही आहे. कुणी विचारलं की आम्ही सांगतो, ही फुमियाची.