वांगी रंगाचे हातमोजे

पुरुष माणूस लोकरीचं विणतो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, मुंबईत हे घालतं कोण? अहो, घालतात! पारा विसाच्या खाली गेला की आमच्या फणसवाडीतला प्रत्येक म्हातारा बद्रीनाथला निघाल्यासारखा दिसतो आणि त्यातल्या निम्म्यांच्या गळ्यातले मफलर माझ्या हातचे असतात. मे महिन्यात मांडीवर अर्धी शाल घेऊन घामाघूम बसलेला श्यामकांतही मीच. विणून झालेल्या वस्तूचं कौतुक वेगळं, विणण्याची मजा वेगळी. लोकर बोटावरून सरकत राहते, दहा ओळी होतात आणि डोक्यातली कटकट कधी थांबली ते कळतसुद्धा नाही. बँकेत पस्तीस वर्षं काढली, पण हे सुख तिथे एक दिवस मिळालं नाही.

विणायला शिकवलं नलूने. चौऱ्याऐंशी साली माझा पाय मोडला होता. नवरा गेल्यावर दोन वर्षांच्या मधुराला घेऊन नलू नुकतीच माहेरी, म्हणजे आमच्याच मजल्यावर, शेवटच्या खोलीत परत आली होती. मी दारात खुर्ची टाकून, प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून, येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसत बसायचो. एक दिवस ती सुया आणि उरलीसुरली लोकर घेऊन आली आणि म्हणाली, तोंडाला पुरे, आता हातांना काम दे.

शेजारी बसून शिकवलं असतं तर मजलाभर चर्चा झाली असती. म्हणून ती गॅलरीच्या कठड्याला टेकून माझ्या समोर बसली. ती जे करेल ते मी आरशात बघितल्यासारखं करत गेलो. परिणाम काय, तर मी चांगला उजव्या हाताचा माणूस आजतागायत डावखुऱ्यासारखा विणतो. महिन्याभराने तिच्या लक्षात आलं, तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण सुधारायचं तर तिला माझ्या शेजारी येऊन बसावं लागलं असतं, आणि ते काही झालं नाही. मी लग्न केलं नाही. का केलं नाही हे तिला न सांगता कळलं असणार, असं मी चाळीस वर्षं धरून चाललो.

यंदा डिसेंबरात नलू सांगायला आली की मधुरा तिला कॅनडाला नेतेय. कायमची. तिथे म्हणे उणे तीस. आणि मी विचारलं काय, तर विमान किती वाजताचं. ती म्हणाली, मला हातमोजे करून दे. बोटं सुटी नकोत, अंगठा तेवढा वेगळा आणि चारही बोटं एकत्र, ती एकमेकांना ऊब देतात. आणि तिने हात पुढे केला.

"माप घे," ती म्हणाली.

टेप माझ्या खिशात होती. समोर शेजारच्या राधाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांची नजर कायम लसूण सोडून इतरत्र असते. मी म्हणालो, कागदावर काढून दे, त्यावरून जमेल. नलूने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि हात मागे घेतला. दहा मिनिटांनी तिने विजेच्या बिलामागे पेन्सिलीने काढलेला पंजा आणून दिला.

आता या वयात लपवायचं कशाला? त्या कागदावर मी रोज दुपारी माझा हात ठेवून बघायचो. तिची करंगळी माझ्या करंगळीच्या पहिल्या पेरापर्यंत येते. इतकी वर्षं समोर असून मला हे ठाऊक नव्हतं.

दादरहून मऊ वांगी लोकर आणली. मनाशी पक्कं केलं, मोजे देताना सांगायचंच. नलू, जाऊ नको. माझ्याकडे राहा नाहीतर तुझ्या खोलीत राहा, पण इथे राहा. मग आधी मोजे तर होऊ देत, म्हणून विणत बसलो. मनगटाची पट्टी झाली, पंजा चढला. डाव्याचा अंगठा जरा तिरका वाटला, उसवला. पुन्हा केला, पुन्हा उसवला. विणताना इतकं बरं वाटत होतं की तीन आठवडे कसे गेले कळलं नाही.

निघायच्या आदल्या दुपारी मोजे घेऊन गेलो. खोलीत दोन बॅगा आणि एक खुर्ची, बाकी सगळं गेलेलं. पंखा पाचावर होता. नलूने दोन्ही मोजे चढवले आणि हात उलटसुलट करून बघितले. अगदी बेताचे बसले होते. बोल, म्हणाली. मी म्हणालो, गार पाण्यात धू, पिळू नकोस, सावलीत आडवे टाकून वाळव.



"श्याम, महिनाभर मी वाट बघितली. तू नुसतं जाऊ नको म्हणाला असतास, तर मी मधुराला नाही म्हटलं असतं."

"आता म्हणतो. जाऊ नको, नलू."

"आता खोली दिली रे मी. किल्लीसुद्धा दिली."

आणि तिने माझा हात धरला. दार सताड उघडं होतं, गॅलरीत राधाबाई होत्या, तरी धरला. चांगला दोन्ही हातांनी, घट्ट. मी तिची बोटं चाचपत राहिलो. ती आत कुठेतरी होती, पण माझ्या हाताला लागत होती ती माझीच लोकर. नलू अशी खूप वेळ उभी होती.

मोजे काढ म्हणायचं मला माझ्या खोलीत परत आल्यावर सुचलं.