आबांची रविवारची मोटार

आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, हे आबा पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला देण्याआधी सांगतात. आबा म्हणजे माझे वडील, लीलाधर आबा. रावेरकडे आमची केळीची बाग आहे. महिन्यातून एकदा, नेमकी रविवारी, मळ्यातली पाण्याची मोटार बिघडते. मग आबा तीन मित्रांना घेऊन दुरुस्तीला जातात आणि संध्याकाळी भूक नाही म्हणून नुसतं ताक पितात. इतकी वर्षं मी मोटार बनवणाऱ्या कंपनीलाच दोष देत आले.

अशा घरात मी हितेंद्रचं नाव काढलं. तो मूळचा सोनगीरचा, आता जळगावला हायवेवरच्या नव्या हॉटेलात शेफ आहे. तिथं मुख्यतः मासे आणि स्टेक मिळतात. समुद्र इथून कुठल्या कुठं, तरी लोक गाड्या काढून कोळंबी खायला येतात. लग्न करीन तर याच्याशीच, असं मी सांगून टाकलं. आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आधी त्याचं हॉटेल पाह्यतो. मंग हो का नही ते एकदाच सांगीन. पुन्हा विषय काढायचा नही."

त्यांचं 'नही' गाडीत बसतानाच चेहऱ्यावर दिसत होतं. आईनं ठेवणीतली साडी नेसली. तिथं पोट भरलं नाही तर असावी म्हणून आबांनी पिशवीत केळीची एक फणी घेतली.

हॉटेलात त्यांनी मेनूकार्ड हातभर लांब धरून वाचलं आणि वेटरला विचारलं, "हे स्टेक म्हंजे काय?"

वेटरनं अदबीनं सांगितलं, मांसाचा जाड तुकडा असतो, कमी भाजायचा की जास्त ते आम्ही ग्राहकाला विचारतो.

"गिऱ्हाइकाले इचारून सयपाक करता? मंग आचारी कशाले ठेवला?"

काचेपलीकडच्या स्वयंपाकघरात हितेंद्र पांढऱ्या कोटात उभा होता आणि आमच्याकडे न बघण्याची शिकस्त करत होता. मला आबांचा असा राग आला की मेनूकार्ड ओढून घ्यावं. आम्ही मश्रूमचं सूप आणि भाजलेल्या भाज्या मागवल्या. आबांनी नाकाला रुमाल लावला. "मासोळीचा वास मले सहन होत नही," ते म्हणाले. आईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि सूप पिऊ लागली.

शेजारच्या टेबलावर टाय लावलेले एक गृहस्थ काटा-सुरीनं अख्ख्या माशाशी झटापट करत होते. आबा एकटक तिकडे बघत होते. त्यांचं सूप गार झालं. त्यांना किळस आली असेल असं मला वाटलं. एवढ्यात त्या गृहस्थांना ठसका लागला. घशात काटा अडकला होता. वेटर पाण्यासाठी धावेपर्यंत आबा केळं सोलत त्यांच्यापाशी पोचलेसुद्धा.

"मोठा घास घ्या साहेब. लय चावू नका, गियून टाका."

दुसऱ्या केळ्याला काटा खाली उतरला. गृहस्थांनी डोळे पुसले, हात जोडले. आबांनी एवढ्यावरच परत यायला हवं होतं. पण त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"साहेब, तुम्ही पोटाकडून सुरू केलं, तठी चुकलं. पाठीकडून घ्यायचं. मंग शेपटी धरून असा उचलायचा." त्यांनी बोटांनी मधला काटा अलगद वर घेतला. कंगव्यासारखा अख्खा, स्वच्छ निघाला. "हा तर काहीच नही. आपल्या तापीतल्या माशाले याच्याहून बारीक काटे राह्यतात."

मग त्यांच्या लक्षात आलं. तो काटा हातात तसाच धरून ते आमच्याकडे वळले.

आईनं चमचा खाली ठेवला. "झाली का मोटार दुरुस्त?"

आबा येऊन आपल्या खुर्चीत बसले.

"अठ्ठावीस वर्सं झाली," आई म्हणाली. "तुम्ही मळ्यातून आले का मोरीत साबणापाशी कापलेलं लिंबू राह्यते. कोन ठेवते, कधी इचारलं?"

"मले वाटे, तांब्या-पितयेची भांडी घासाले हाये."

"पितयेची भांडी मोडीत देऊन वीस वर्सं झाली."

मला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडूही आलं. पोरीच्या लग्नाला आड येणारा घराचा नियम आबांनी स्वतःच दर महिन्याला मोडला होता, आणि आईनं ते, हाताच्या माशांच्या वासासकट, त्यांच्यासाठी झाकून ठेवलं होतं.

गडबड बघून हितेंद्र बाहेर आला. "काका, माझ्याकडून काही चुकलं का?"

आबांनी हातातला काटा रुमालाखाली सारला. आईच बोलली, "तुह्याकडून काही चुकलं नही, बाबा. तू काय शिजवते ते काचेतून सगळ्यायले दिसते. मले तेवढं पुरे."

वेटरनं हात धुवायला कोमट पाण्याचे वाडगे आणून ठेवले. प्रत्येकात लिंबाची एक फोड तरंगत होती. आबा त्या फोडीकडे बघत राहिले. आईनं स्वतःचाही वाडगा त्यांच्यापुढे सरकवला.

"धुवा. आज लपून नही."

आबांनी एकेक बोट सावकाश चोळून धुतलं. मान वर न करता म्हणाले, "हितेंद्र, रविवारी तुह्या घरच्यायले घेऊन ये. घरी नको. मळ्यात ये."

"लिंबं मी आनते," आई म्हणाली.