छापील किंमत पासष्ट डॉलर

ओपलनं रिव्हॉल्व्हर उलटं धरलं, मुठीच्या तळाचा नंबर चष्म्याच्या खालच्या काचेतून वाचला आणि ते टेबलावर अंथरलेल्या हिरव्या कापडावर परत ठेवलं.

"एकोणीसशे एकावन्न. सहा इंची नळी. नवं होतं तेव्हा एकाहत्तर डॉलर पन्नास सेंट," ती म्हणाली. "आणि ही मूठ त्याची नाही. कुणीतरी मागाहून बसवलीय."

टोपीवाल्या गिऱ्हाइकानं खिशातून घडी घातलेला कागद काढला, त्यावर बोट फिरवलं आणि मुकाट्यानं पुन्हा खिशात घातला.

"परीक्षा घ्यायला आला होतास होय रे?" शेजारच्या टेबलावरून ग्रेडी ओरडला. तो कमरेला लावायच्या, रिव्हॉल्व्हर ठेवायच्या जुन्या चामडी म्यानांचा व्यापारी होता, आणि बाजाराचे दोन्ही दिवस तोंड मिटायचं नाही असा त्याचा नेम होता. "अरे, तिला झोपेतून उठवून विचार. आधी किंमत सांगेल, मग शिव्या देईल."

"तुला शिव्या आधी," ओपल म्हणाली.

नेब्रास्काच्या त्या टोकाला, जत्रेच्या मैदानावरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये दर मार्चला जुन्या बंदुकांचा बाजार भरे. दारावरचा माणूस प्रत्येक बंदूक रिकामी आहे का पाहून तिला प्लॅस्टिकची पट्टी आवळे आणि मगच आत सोडे. एखाद्या रिव्हॉल्व्हरचे आज किती येतील हे सांगणारे तिथं पन्नास जण होते, आणि पन्नासांचे पन्नास आकडे होते. ते कारखान्यातून नवंकोरं आलं तेव्हा दुकानात केवढ्याला मिळत होतं, हे सांगणारी मात्र एकटी ओपल. वडलांच्या दुकानातली अडतीस वर्षांची छापील दरपत्रकं तिच्याजवळ होती आणि त्यातली निम्मी तोंडपाठ होती. ती बंदुका विकत नसे. स्वतः तयार केलेली किमतींची पुस्तिका विके आणि बरोबर असण्याचा आनंद घेई. अडुसष्टाव्या वर्षी माणसाला याहून जास्त काय हवं असतं, असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं.

दुपारी गर्दी जरा ओसरली. लोक राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल घ्यायला रांगेत उभे राहिले. तेव्हा मघापासून खांबापाशी थांबलेला एक माणूस पुढं आला. पन्नाशी उलटलेला, रुंद चेहऱ्याचा, शाळेच्या बसचे ड्रायव्हर घालतात तसलं जाकीट घातलेला. दोन्ही हातांत त्यानं एक मळका निळा खोका धरला होता.

"विकायचं नाही," तो आधीच म्हणाला. "फक्त विचारायचंय."

"विचारण्याचे पैसे पडत नाहीत. बसा."

तो बसला नाही. "विटकॉम कंपनीचं, चार इंची. अठ्ठावन्नच्या सप्टेंबरात घेतलेलं. तेव्हा केवढ्याला होतं?"

"पासष्ट." ओपलनं खोका उघडायचीही वाट पाहिली नाही.

"चौऱ्याऐंशी पन्नास असू शकतं?"

"नाही."

"एखाद्या दुकानात असेल."

"कुठल्या दुकानात?"

"हॉर्नबेक हार्डवेअर."

ग्रेडी खो खो हसत सुटला. "बाबा रे, हीच ती हॉर्नबेक! लग्नाआधीची. तू तर थेट सिंहिणीच्या गुहेत आलास."

ओपलही हसली, पण तिची पाठ ताठ झाली होती. "माझ्या वडलांनी चाळीस वर्षं दुकान चालवलं. छापील किमतीवर एक सेंट त्यांनी कधी घेतला नाही. दारावर तशी पाटीच होती. तुम्हाला कुणी सांगितलं चौऱ्याऐंशी?"

"वडलांनी," तो म्हणाला.

त्याचं नाव डेल्मर आयर्न क्लाउड. वडील एमेट. कोरियाच्या लढाईवरून परत आल्यावर त्यांना लकोटा या मूळ अमेरिकन जमातीच्या मुलखात, आपल्याच लोकांच्या पोलिसात नोकरी लागली. वर्दी मिळायची, रिव्हॉल्व्हर ज्याचं त्यानं घ्यायचं. एमेटनं घरी येऊन चौऱ्याऐंशी पन्नास सांगितले. त्याच आठवड्यात आईनं दुकानाच्या काचेत तेच रिव्हॉल्व्हर पाहिलं. पासष्टची चिठ्ठी लावलेलं.

"एकोणीस डॉलर पन्नास सेंट," डेल्मर म्हणाला. "आई म्हणाली, त्याची दारू प्यायलास. तो म्हणाला, दुकानात तेवढेच घेतले. एकदाच म्हणाला. मग प्रत्येक भांडणात ते एकोणीस डॉलर निघायचे. आम्ही पोरं लहानपणी त्याला चिडवायचोसुद्धा."

"तो प्यायचा का?" ग्रेडीनं विचारलं.

"प्यायचा की. म्हणून तर कुणाला खरं वाटलं नाही." डेल्मरनं खोका टेबलावर ठेवला. "तो जाऊन बावीस वर्षं झाली. परवा आईला बहिणीकडं हलवताना हे कपाटात सापडलं. खोक्यावर तोच आकडा लिहिलाय. आई म्हणते, तो त्यानंच लिहिला, आपलं खोटं झाकायला. मला एकदा नक्की कळू दे. खोटारडा असेल तर असेल. पण कळू दे."

ओपलला त्याची दया आली. पण दयेपोटी किंमत बदलायची नसते, हे तिचं पक्कं होतं. "हे बघा, मला वाईट वाटतं," ती म्हणाली, "पण तुमच्या वडलांनी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

डेल्मरनं मान हलवली. जणू घरून निघतानाच हे उत्तर तो बरोबर घेऊन आला होता.

"खोका दुसऱ्याचाही असेल," ग्रेडी समजुतीच्या सुरात म्हणाला. "बंदूक एकाची, खोका भलत्याचा, अशा जोड्या शंभर पाहिल्यात. नंबर बघ ना, ओपल."

ओपलनं खोका उलटा केला. तळाला कारखान्यातल्या माणसानं जाड खडूनं लिहिलेला नंबर होता. तिनं तो मुठीखालच्या नंबराशी ताडून पाहिला. दोन्ही एकच. मग तिनं खोका फिरवून त्याची अरुंद बाजू समोर धरली.

निळी पेन्सिल. इंग्रजी चारचा आकडा, वरून उघडा राहिलेला. सेंटच्या आकड्याखाली दोन आडव्या रेघा.

तिनं चष्मा काढला, ब्लाउजच्या टोकाला पुसला आणि पुन्हा लावला. दोन रेघा मारायची खोड तिला शाळेत लागली होती. बाई रागवायच्या. आजही पुस्तिकेच्या हिशेबात ती तशाच रेघा मारत होती.

सोळा-सतरा वर्षांची असताना शनिवारी ती दुकानात असायची. पुढच्या मालाला छापील चिठ्ठ्या लागत. मागं एक खोली होती. तिथंही तोच माल असे, त्याच कारखान्यांचा, तसल्याच खोक्यांत. त्यावर चिठ्ठी नसे. वडील कागदावरून आकडे वाचत आणि ती निळ्या पेन्सिलीनं ते खोक्यांवर लिही. कोणी लकोटा गिऱ्हाईक काउंटरपाशी आलं की वडील फळीकडे हात न नेता म्हणत, "ओपल, आतलं आण." ती आतलं आणी.

तिनं एकदा विचारलंही होतं, वस्तू एक आणि किमती दोन कशा. वडील म्हणाले होते, त्या लोकांकडून पैसे येतील न येतील. पण ते सगळे रोख देत होते. गल्ल्यावर तीच बसत असल्यामुळं तिला ते माहीत होतं, आणि तिनं पुन्हा विचारलं नव्हतं. विसरले होते म्हणायची सोय होती. पण ती काही विसरली नव्हती. दरपत्रकातली अडतीस वर्षं पाठ करणाऱ्या बाईला ती एक खोली तेवढी आठवत नाही, असं कसं होईल? तिला स्वतःची शरम वाटली, ग्रेडीसमोर वाटली, त्याहून जास्त या बसवाल्यासमोर वाटली.

"खोक्यावर नंतर कुणी लिहिलं असेल," ग्रेडी म्हणाला. "पेन्सिल काय, कुणीही मारतं."

त्याला उत्तर देणं सोपं होतं. नुसतं हूं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते अक्षर ओळखणारं माणूस त्या हॉलमध्ये दुसरं नव्हतं, बहुधा जगातही उरलं नव्हतं.

"अक्षर माझं आहे," ओपल म्हणाली.

"काय?"

"ही किंमत मी लिहिलीय. तुमच्या वडलांनी चौऱ्याऐंशी पन्नासच दिले. गोऱ्या माणसाला पासष्ट. तुमच्या वडलांना चौऱ्याऐंशी पन्नास." तिचा आवाज नेहमीसारखाच ठाम होता. किंमत सांगायचा तिला दुसरा आवाजच नव्हता. "ते खोटं बोलले नाहीत. मघाशी मी चुकीचं सांगितलं."

ग्रेडीनं एक म्यान उचललं आणि त्याचं बक्कल लावत, काढत राहिला. डेल्मरनं खोका आपल्याकडे ओढून तो आकडा वाचला. तो चिडेल, ओरडेल, असं ओपलला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं जाकिटातून फोन काढला.

"आईला सांगाल?" तो म्हणाला. "मी सांगितलं तर म्हणेल, बापाची बाजू घेतोस."

ओपलनं हात पुढं केला. त्यानं नंबर लावला आणि आधी आपल्या भाषेत दोन-चार वाक्यं बोलून फोन तिच्याकडे दिला.

"कोण?" पलीकडून खरखरीत आवाज आला.

"मी ओपल. हॉर्नबेक."

"दुकानातली पोरगी? वेण्यांवाली?"

"हो."

"बोल."

ओपलनं सांगितलं. आतल्या खोलीचं, पेन्सिलीचं, एकोणीस डॉलर पन्नासचं. काही गाळलं नाही. वडलांचा कागद होता हेही सांगितलं आणि एकदा विचारून आपण गप्प बसलो तेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुमच्या यजमानांनी खरं सांगितलं होतं. मला माफ करा असं म्हणायचं तोंड नाही मला, पण म्हणते."

पलीकडे चाललेला टीव्ही कुणीतरी बंद केला. फोन कटला की काय म्हणून ओपलनं तो कानावरून काढून पाहिला आणि परत लावला.

"कॉफीची किटली," म्हातारी म्हणाली. "हिरवी. पांढऱ्या मुठीची. सत्तावन्नच्या नाताळात. ती केवढ्याला होती?"

किटल्यांचं दरपत्रक ओपलनं बाजारात कधी आणलं नव्हतं. लागलंही नाही. "एक डॉलर पंच्याण्णव."

"बरोबर. फळीवर चिठ्ठी होती, मी वाचली होती. मी तीन दिले."

ओपलनं खोक्यावरच्या दोन रेघांवर अंगठा ठेवला.

"तूच आतून आणून दिलीस," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज आता खाली गेला होता. "एमेटला मी एक पंच्याण्णवच सांगितलं. पुढच्या सप्टेंबरात तो चौऱ्याऐंशी म्हणाला, तेव्हा खरं काय ते मला ठाऊक होतं."

कुठंतरी कुणीतरी जोरात हसलं, दारावर नवीन माणसं आत येत होती. ओपलनं फोन कानाशी घट्ट धरला.

"डेल्मर आहे ना तिथं?" म्हातारीनं विचारलं. "दे त्याला. त्याला मीच सांगते."