फ्रीजला आलेला ताप

कल्पना कर, तुझ्या घरच्या फ्रीजमध्ये काडेपेटीएवढं यंत्र आहे. आतली थंडी कमी झाली की ते बोंब मारतं. अकरा वर्षांच्या पिटुकलीच्या घरी तसं होतं. तिची आई आणि आईचा कॉलेजपासूनचा मित्र, म्हणजे पिटुकलीचे काका, यांच्या कंपनीनंच ते बनवलेलं. दवाखान्यांत आणि औषधांच्या दुकानांत अशी हजारो यंत्रं होती. घरातलं मात्र चाचणीचं. बाहेरून त्याला गाठायला लागणारा नंबर फक्त त्या दोघांना ठाऊक. रोज चारला त्याचा आकडा वहीत उतरवायची सवय पिटुकलीला काकांनीच लावली होती. दिसेल तेच लिहायचं, वेळेसकट.

सोमवारी सगळी यंत्रं एकदम ओरडू लागली. औषधं थंडगार, आणि यंत्रं म्हणत होती चाळीस अंश. दुपारपर्यंत कंपनीच्या शेअरचा भाव निम्म्यावर आला.

आता हे नीट समजून घे. शेअर उसने घेऊन शंभरला विकायचे, भाव पडला की पन्नासला विकत घेऊन परत करायचे. मधले पन्नास खिशात. म्हणजे कंपनी बुडाली तरी कुणीतरी गब्बर होतंच.

मंगळवारी काका एक कागद घेऊन घरी आले. चूक आईच्या प्रोग्रॅममध्ये होती, असं त्यात लिहिलेलं. सही केली की आईचं काम गेलं आणि नावही गेलं. बाहेरून हॅकर घुसले असणार, असं आई पुन्हा पुन्हा सांगत होती.

"मग पुरावा दे," काका म्हणाले. "नाहीतर सही कर आणि मोकळी हो."

आईनं पेन उचललं. तेवढ्यात पिटुकलीनं वही उघडून तिच्यापुढे धरली.

'रविवार, चार वाजून दहा. यंत्र ओरडलं. चाळीस अंश. दूध गारच आहे. काका लॅपटॉप घेऊन टेबलाशी. म्हणाले, फ्रीजला ताप आलाय. हसले.'

आईनं ते दोनदा वाचलं. सोमवारची रंगीत तालीम रविवारी याच टेबलावर झाली होती. हॅकरांना घरच्या यंत्राचा नंबर देऊन, जमतंय का ते बघायला काका स्वतः आले होते. भाव पडल्यावर गब्बर होणारा तो कुणीतरी समोरच होता. तिनं पेनाला टोपण लावलं.

"पोरीची वही ती," काका म्हणाले. "तिला कोण विचारतो?"

"लिहायला तूच शिकवलंस ना?"

काकांनी हात पुढे केला. "दाखव बघू, पिटुकले."

आजवर तपासायला ती वही त्यांच्याच हातात देत आली होती. तिनं घड्याळाकडे पाहिलं. वही छातीशी धरून ती फ्रीजकडे गेली, दार उघडलं, आकडा पाहिला आणि लिहिलं:

'मंगळवार, चार वाजता. चार अंश. काका आलेत. वही मागतायत.'