तिरकी काच

शहराच्या पोटातून रेल्वे न्यायची असं ज्यांनी ठरवलं, त्यांना जिने चढावे लागले नाहीत. जिने काचवाल्याच्या वाट्याला आले. अकरा वर्षं तो जिने चढत होता. पहिला मार्ग झाला, दुसरा झाला, आता तिसरा चालला होता, आणि काम तेच होतं. गुडघे मात्र तेच राहिले नव्हते.

काम सांगायला सोपं. ज्या घरांखालून बोगदा जाणार, त्या घरांत जिथे जिथे भिंतीला भेग असेल तिथे वीतभर लांबीची पातळ काचपट्टी भेगेवर चिकटवायची. दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा, वर मार्करने तारीख. जमीन हलली की भिंत हलते, भिंत हलली की काच तडकते. मग ठरलेल्या दिवशी जायचं, काच बघायची आणि वहीत एक शब्द लिहायचा. ‘साबूत’ किंवा ‘तडकली’. ‘तडकली’ लिहिलं की इंजिनिअर येणार, इमारत रिकामी होणार आणि बोगदा खणणारं यंत्र खालून पुढे जाईपर्यंत सगळ्यांनी कंपनीच्या लॉजवर राहायचं. त्या यंत्राला साइटवर सगळे ‘घूस’ म्हणायचे. घूस आज कुठे पोचली ते ऑफिसातल्या फळ्यावर रोज सकाळी लिहिलेलं असायचं.

लोकांनी त्याचं नाव काचवाले ठेवलं आणि शहरात जे जे बिघडेल ते त्याच्या गळ्यात घातलं. नळ गळतो, तुमच्या बोगद्यामुळे. दार घासतं, बोगद्यामुळे. एका आजोबांना तर गेल्या वर्षापासून भूक लागत नव्हती, तीही बोगद्यामुळेच. सुरुवातीला तो समजावत बसायचा. आता नुसती मान हलवायचा, वही काढायचा आणि लिहायचा, साबूत. या एका शब्दाने त्याचा हात इतका घोटला होता की घरी वाणसामानाची यादी करतानाही साखरेच्या जागी ‘साबूत’ उमटायचं. बायको म्हणायची, “आणा आता दोन किलो साबूत.”

तिसऱ्या मार्गावर त्याची ताई राहत होती. चार मजली जुनी इमारत, दुसरा मजला. सहा महिन्यांपूर्वी तिच्याकडे तो काच लावायला गेला, तेव्हा मध्ये पडणारं कुणी नसल्याने बहीणभाऊ मनसोक्त भांडले. ताई म्हणजे टापटिपीचा कहर. भिंतीवरचा फोटो रेसभर कलला तरी तिला घास गोड लागत नसे. स्वयंपाकघराच्या भिंतीतली भेग खालून वर तिरपी गेलेली, आणि काच लावायची भेगेला काटकोनात, म्हणजे तीही तिरपी.

“धाकट्या, हे काय लावलंस? वाकडी आहे काच.”

“काच वाकडी नाही ताई, भेग वाकडी आहे.”

“मग तू तरी सरळ लाव! येणारे-जाणारे काय म्हणतील?”

“म्हणतील, ताईच्या घरात पहिल्यांदाच काहीतरी वाकडं दिसलं.”

ती हसली होती. आतल्या खोलीतून भाऊजीही हसल्यासारखे वाटले होते. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन दोन वर्षं झाली होती. शरीराचं उजवं अंग गेलं आणि बरीचशी ओळखही गेली. ती खोली मात्र त्यांना पक्की माहीत होती. डाव्या हाताला खिडकी, पायाशी कपाट, कपाटावर बंद पडलेलं घड्याळ. एवढ्या आधारावर ते ताईला ओळखायचे. गेल्या वर्षी आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं, तर परत आल्यावर तीन आठवडे ते ताईला नर्स समजत होते. ‘बाई, जरा पाणी देता का,’ म्हणायचे. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला! ताईने ते तीन आठवडे कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक.

त्या गुरुवारी फळ्यावर लिहिलं होतं, घूस ताईच्या इमारतीपासून साठ मीटरवर. म्हणजे फार तर पाच-सहा दिवस. काचवाला वरून खाली येत होता. चौथ्या मजल्यावर एक आजी, “कधी संपणार हो हे?” साबूत. तिसऱ्यावर जुळ्या मुलींची आई दारच उघडेना, मग उघडलं, मग दोन शब्द सुनावले. साबूत. दुसऱ्या मजल्यावर आला तेव्हा त्याला फक्त खाली बसायचं होतं.

ताईने चहा ठेवलेलाच होता. तो सवयीने स्वयंपाकघरात गेला. काच जागेवर होती. तारीख होती, सहा महिन्यांपूर्वीची, त्याच्याच अक्षरात. त्याने वही उघडली, पेनाने आपलं आपण ‘सा’ लिहिलं.

आणि त्याचा हात थांबला. काच सरळ होती.

अगदी आडवी, जमिनीला समांतर, शेजारच्या फळीला शोभेल अशी. टोकांचे प्लास्टरचे गोळेसुद्धा एकसारखे, कडा पुसून घेतलेले. अकरा वर्षांत त्याने इतकी नेटकी काच कधी लावली नव्हती. अक्षर त्याचं वाटत होतं, कारण त्याला पाटीवर अक्षर तिनेच गिरवायला शिकवलं होतं. पण तिरकी काच तिरकीच लावायची, हे तिच्या हाताला जमलं नव्हतं.

“ताई, कधी तडकली?”

तिने गॅस बंद केला. चहा गाळला. कप बशीत ठेवून कपाचा कान त्याच्याकडे वळवून दिला.

“मंगळवारी. भांडी घासत होते, टक् असा आवाज झाला.”

“नवी काच कुठून आणलीस?”

“तूच नाही का दोन जास्तीच्या ठेवून गेला होतास? माळ्यावर.”

तो खुर्चीवर बसला. त्याला राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात जोर लागतो. नुसतं थकल्यासारखं वाटत होतं. पायांपासून वर, डोळ्यांपर्यंत.

“धाकट्या, ऐक. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे. ते जनावर खालून निघून जाईल. ह्यांना हलवलं तर हे मला परत ओळखणार नाहीत रे. मागच्या वेळी ओळखलं ते नशीब. तू काही बघितलं नाहीस. सरळ लावलेली काच, साबूत. एवढंच लिही.”

आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्याकडे काही मागत होती. आईच्या आजारपणात मागितलं नाही, भाऊजी पडले तेव्हा मागितलं नाही. आज मागत होती, आणि तेही एक शब्द, अर्धा लिहून झालेला. कानाडोळा करायला काय लागतं? दोन वर्षांनी तो निवृत्त होणार होता. आणि शंभरातल्या नव्वद काचा काही न होता तडकतात, हे त्याला स्वतःलाच माहीत होतं.

उरलेल्या दहा कुठल्या, ते माहीत नव्हतं. वरच्या मजल्यावर जुळ्या मुली धावल्याचा आवाज येत होता. त्याच्या डोक्यावर, त्याच भिंतीच्या आधारावर.

“जुने तुकडे आहेत?”

तिने ओट्याखालचा डबा काढला. टाकून द्यायचा शहाणपणा तिला सुचला नव्हता, किंवा टाकवले नव्हते. कागदात गुंडाळलेले दोन तुकडे, वर चिठ्ठी, ‘मंगळवार, सकाळी साडेदहा’. चिठ्ठीही सरळ लावलेली.

त्याने वहीतलं ‘सा’ खोडलं. ‘तडकली’ लिहिलं, पुढे मंगळवार, साडेदहा. ताईने वहीकडे बघितलं नाही. त्याने उचललाही नव्हता तो कप तिने उचलला आणि चहा मोरीत ओतला.

दुपारपर्यंत इंजिनिअर आले, संध्याकाळच्या आत इमारत रिकामी झाली. भाऊजींना चौघांनी खुर्चीत बसवून खाली आणलं. काचवाल्याने एक बाजू धरली होती. जिन्यात ते पुन्हा पुन्हा विचारत होते, “कुठे नेताय? कुठे नेताय मला?” उत्तर द्यायचं सोडून तो पायऱ्या मोजत राहिला. इमारतीच्या पायाखालच्या मातीत सिमेंट भरलं, भिंतींना लोखंडी टेकू दिले. घूस सहाव्या दिवशी खालून गेली. भेग रुंदावली, करंगळीचं नख जाईल इतकी, पण भिंत उभी राहिली. इंजिनिअर म्हणाले, वेळेवर कळलं. रिकामी केली नसती, टेकू दिले नसते, तर काय झालं असतं? पडली असती, किंवा नसतीही. ते कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि काचवाल्याला उरलेलं आयुष्य त्याच उत्तरावर काढायचं होतं.

बाराव्या दिवशी सगळे परतले. नवी काच लावायला तो गेला, तेव्हा ताईने दार उघडलं आणि बाजूला झाली. बारा दिवसांत ती त्याच्याशी बोलली नव्हती. आत भाऊजी आपल्या पलंगावर होते. डाव्या हाताला खिडकी, पायाशी कपाट, कपाटावर घड्याळ. सगळं जागच्या जागी.

“बाई,” भाऊजी अदबीने म्हणाले, “मला घरी कधी सोडणार?”

“लवकरच हं,” ताई म्हणाली आणि त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

काचवाला स्वयंपाकघरात उभा राहून प्लास्टर कालवत होता. ताई येऊन शेजारी उभी राहिली. तिला त्याच्याकडे बघायचं नव्हतं, म्हणून दोघंही भिंतीकडे बघत राहिले. त्याने काच भेगेवर धरली. आणि ज्याने अकरा वर्षं एकही काच चुकीची लावली नव्हती, त्याने ती सरळ धरली, जमिनीला समांतर, तिला आवडते तशी.

ताईने हात पुढे केला, काचेचं एक टोक बोटाने वर उचललं आणि ती तिरपी केली.

“अशी,” ती म्हणाली. “भेग वाकडी आहे.”